अपस्केलिंग डीव्हीडी प्लेअर घेताना: खोक्यावरचं काय वाचायचं, काय सोडून द्यायचं

स्वस्तातल्या डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ते तुमच्या टीव्हीत आधीपासूनच आहे. ‘१०८०पी अपस्केलिंग’, म्हणजे लहान चित्र फुगवून १०८० ओळींचं करणं, हे शब्द वाचून प्लेअर निवडणं म्हणजे घरात भरलेला माठ असताना पाण्याची बाटली विकत घेणं. तरीही चांगला प्लेअर आणि वाईट प्लेअर असा फरक असतो, आणि तो पडद्यावर स्पष्ट दिसतो. फक्त तो अपस्केलिंगमुळे पडत नाही.

आधी आकडे पाहू. डीव्हीडीवरचं चित्र पाल पद्धतीत (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं, एनटीएससी पद्धतीत (अमेरिका-जपानची) ७२० × ४८०. फुल एचडी पडदा १९२० × १०८०. गुणाकार केला तर पाल डीव्हीडीचे ४,१४,७२० ठिपके होतात आणि पडद्याचे २०,७३,६००. बरोबर पाचपट. एनटीएससी डिस्क असेल तर सहापट. टीव्ही ४के असेल तर हाच हिशेब वीसपट आणि चोवीसपट होतो. म्हणजे फुल एचडी पडद्यावर डीव्हीडी पाहताना दर पाच ठिपक्यांतले चार कुणीतरी शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून भरलेले असतात. या भरण्यालाच अपस्केलिंग म्हणतात. एलसीडी किंवा ओएलईडी पडद्याचे ठिपके ठरलेले असतात, त्यामुळे येणारं चित्र लहान असलं की ते ताणून बसवणं टीव्हीला भागच असतं. हे काम न करणारा एचडी टीव्ही नसतो. तेव्हा प्रश्न अपस्केलिंग हवं की नको हा नाही. ते प्लेअरने करायचं की टीव्हीने, एवढाच आहे.

आणि दोघांपैकी कुणीही केलं तरी डिस्कवर नसलेला बारकावा परत येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चांगलं अपस्केलिंग कडा नितळ ठेवतं, वाईट अपस्केलिंग कडांभोवती पांढरट रेघ काढून ‘तीक्ष्ण’ चित्राचा भास करतं. ‘जवळजवळ एचडी’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि पुढे चला.

मग प्लेअरमध्ये पाहायचं काय? तो चित्राच्या ओळी नीट जुळवतो का, जुनं चौकोनी चित्र चौकोनीच ठेवतो का, आणि तुमच्याकडच्या डिस्क मुळात वाचतो का. बाकी सगळं दुय्यम.

पायरी १: आधी डिस्कचा ढीग उपसा

दुकानात जाण्याआधी कपाट उघडा. तुमच्याकडे नेमकं काय आहे यावर अर्धा निर्णय ठरतो. छापील सिनेमांच्या डीव्हीडी एका बाजूला काढा, लग्नसमारंभाच्या किंवा घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क दुसऱ्या बाजूला, आणि व्हीसीडी (सीडीवर भरलेले सिनेमे) असतील तर त्या तिसऱ्या बाजूला. व्हीसीडीचं चित्र पाल पद्धतीत ३५२ × २८८ एवढंच असतं, डीव्हीडीच्या जेमतेम पाव. ते मोठ्या पडद्यावर कुठल्याही यंत्राने सुंदर दिसणार नाही, पण चालायला तर हवं. आणि नेमकं हेच काही नव्या यंत्रांना जमत नाही.

छापील डिस्कच्या मागे एक छोटी पृथ्वीगोलासारखी खूण असते, तिच्यात आकडा असतो. तो रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ म्हणजे युरोप, जपान, मध्यपूर्व. ३ म्हणजे आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान. ४ म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, लॅटिन अमेरिका. ५ म्हणजे भारतीय उपखंड, रशिया, आफ्रिकेचा बराचसा भाग. ६ म्हणजे चीन. शून्य किंवा ‘ऑल’ लिहिलं असेल तर कुठेही चालते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या डिस्क असतील तर सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा प्लेअर शोधावा लागेल. हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं, नंतर नाही.

घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कबद्दल एक सूचना. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा डिस्कवर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर केलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइझ’ करावी लागते, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद करावी लागते. तसं केलेलं नसेल तर जगातला महागडा प्लेअरही ती बहुधा वाचणार नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या प्लेअरला मिळेल. जुना रेकॉर्डर अजून चालू असेल तर हे काम आधी उरकून घ्या.

पायरी २: मोजपट्टी काढा

टीव्ही किती मोठा आहे आणि तुम्ही किती लांब बसता, हे कुणी मोजत नाही. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके वेगवेगळे दिसतात. कोन याहून लहान झाला, म्हणजे तुम्ही आणखी लांब गेलात, की ते एकमेकांत मिसळतात. यावरून हिशेब केला तर डीव्हीडीचे आडवे ७२० ठिपके ३२ इंची पडद्यावर सुमारे ३.४ मीटरवरून मिसळू लागतात, ४३ इंचीवर साडेचार मीटरवरून, ५५ इंचीवर पावणेसहा मीटरच्या आसपास.

म्हणजे ३२ इंची टीव्हीसमोर साडेतीन मीटरवर सोफा असेल, तर अपस्केलिंग कोण करतंय याने तुम्हाला काडीचाही फरक पडणार नाही. सर्वांत साधा, पण एचडीएमआय असलेला प्लेअर घ्या आणि पुढच्या दोन पायऱ्या सोडून सरळ पाचवीवर या. ५५ इंची टीव्ही अडीच मीटरवरून पाहत असाल, तर मात्र प्रत्येक दोष दिसेल आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता टीव्हीच्या मागची बाजू पाहा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा अनेक नव्या टीव्हींवर उरलेली नाही. एचडीएमआयची एक जागा रिकामी आहे ना, तेवढं बघा. टीव्हीचा पडदा खरोखर किती ठिपक्यांचा आहे हेही पुस्तिकेत पाहून ठेवा. ‘एचडी रेडी’ नावाने विकले गेलेले कितीतरी टीव्ही १३६६ × ७६८ चे आहेत. याचा उपयोग शेवटी होईल.

पायरी ३: प्लेअर हवाच आहे का?

घरात प्लेस्टेशन ३ किंवा ४ असेल, किंवा डिस्कची खाच असलेला प्लेस्टेशन ५, तर तुमच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहेच. प्लेस्टेशन ३ मध्ये तर २००७ साली सॉफ्टवेअर अपडेटमधून डीव्हीडीचं अपस्केलिंग आलं आणि त्या काळी ते स्वस्त प्लेअरपेक्षा उजवं होतं. एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सही डीव्हीडी चालवतात. खाच नसलेली मॉडेलं अर्थातच बाद. पण प्लेस्टेशन ४ आणि ५ सीडी वाचत नाहीत, त्यामुळे व्हीसीडीचा ढीग असेल तर त्यांच्याकडून आशा नको.

दुसरा पर्याय ब्लू-रे प्लेअर. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. डीव्हीडी प्लेअरमध्ये निळा नसतो, म्हणून त्यात ब्लू-रे कधीच चालणार नाही. ब्लू-रे प्लेअरमध्ये मात्र दोन्ही असतात आणि त्यातली चित्र सांभाळणारी चिप साधारणपणे वरच्या दर्जाची असते. माझं मत विचाराल तर मोठा टीव्ही असलेल्याने आणि व्हीसीडी नसलेल्याने नवा डीव्हीडी प्लेअर घेण्याऐवजी चांगल्या स्थितीतला वापरलेला ब्लू-रे प्लेअर शोधावा. तोटेही आहेत: डिस्क टाकल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो, व्हीसीडी बऱ्याच मॉडेलांना चालत नाही, आणि डीव्हीडीचं रीजनचं कुलूप इथेही असतंच.

संगणकाला डिस्क ड्राइव्ह असेल तर तो एचडीएमआयवरून टीव्हीला जोडून व्हीएलसीसारख्या फुकट सॉफ्टवेअरने डीव्हीडी लावता येते. चित्र उत्तम मिळतं. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना रिमोटवरचं एक बटण दाबून सिनेमा लावायचा असतो, माउस धरायचा नसतो. ते त्यांचं बरोबरच आहे.

पायरी ४: ओळी जुळवणं, म्हणजे खरी परीक्षा

स्वस्त प्लेअरमध्ये पैसे कुठे वाचवलेले असतात ते इथे कळतं, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

डीव्हीडीचा जन्म १९९६ चा, काचेच्या नळीच्या टीव्हीच्या जमान्यातला. तो टीव्ही एका वेळी पूर्ण चित्र काढत नसे. आधी विषम ओळी, मग सम ओळी. पाल पद्धतीत सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. डीव्हीडीवरचा व्हिडिओही याच पद्धतीला धरून भरलेला असतो. आजचा सपाट पडदा मात्र एका वेळी सगळ्या ओळी मागतो. त्यामुळे दोन अर्धी चित्रं जुळवून एक पूर्ण चित्र करावं लागतं. याला डीइंटरलेसिंग म्हणतात आणि ते अपस्केलिंगच्या आधी होतं. इथे चूक झाली की पुढे ती चूकच पाचपट मोठी होऊन दिसते.

सिनेमाच्या बाबतीत हे सोपं असतं. एका फिल्म फ्रेमच्या विषम आणि सम ओळी एकाच क्षणाच्या असतात, त्या एकमेकांत गुंफल्या की मूळ फ्रेम जशीच्या तशी मिळते. पाल डिस्कवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ च्या वेगाने पळवतात, म्हणून दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटं लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. एनटीएससी डिस्कवर चार फ्रेमपासून दहा अर्धी चित्रं बनवलेली असतात, दोन आणि तीनच्या आलटून-पालटून हिशेबाने. प्लेअरला तो हिशेब ओळखून उलटा सोडवावा लागतो. डिस्कवर तशा खुणा लिहिलेल्या असतात, पण कधी त्या चुकीच्या असतात. निव्वळ खुणांवर विसंबणारा स्वस्त प्लेअर तिथे गोंधळतो आणि क्षणभर कडा थरथरतात.

कठीण काम आहे ते व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राचं: क्रिकेटचा सामना, नाटकाचं चित्रीकरण, लग्नाची डिस्क. इथे विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. मधल्या काळात फलंदाजाची बॅट पुढे गेलेली असते. दोन्ही सरळ गुंफल्या तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दात दिसतात. अर्ध्या ओळी टाकून दिल्या तर दात जातात, पण तिरप्या रेषांना जिन्यासारख्या पायऱ्या पडतात आणि बारीक अक्षरं लुकलुकतात. चांगली चिप चित्रातला कोणता भाग स्थिर आणि कोणता हलतोय हे ओळखून दोन्हीकडे वेगळा उपाय करते. स्वस्त चिप सगळीकडे अर्ध्या ओळी फेकून मोकळी होते.

आता गंमत अशी, की बऱ्याच स्वस्त प्लेअरना एचडीएमआयवरून मूळ अर्धी चित्रं तशीच बाहेर सोडताच येत नाहीत. त्यांची सर्वांत खालची पायरी ५७६पी किंवा ४८०पी असते, म्हणजे ओळी जुळवून झालेलं चित्र. त्यामुळे अपस्केलिंग तुम्ही टीव्हीवर सोपवू शकता, पण ओळी जुळवणं प्लेअरच्याच माथी राहतं. प्लेअर निवडताना तुम्ही खरं तर हे निवडत असता, आणि खोक्यावर याबद्दल अक्षरही नसतं. म्हणून वैशिष्ट्यांच्या यादीत ५७६आय किंवा ४८०आय (म्हणजे न जुळवलेली अर्धी चित्रं) एचडीएमआयवर मिळतं असं लिहिलेलं दिसलं, तर ती त्या प्लेअरची मोठी जमेची बाजू समजा. मग ओळी जुळवण्याचं कामही टीव्हीकडे देता येतं, आणि ते काम टीव्हीची चिप बहुधा जास्त चांगलं करते.

पायरी ५: खोका वाचायचा तो असा

एचडीएमआय हवंच. निव्वळ लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचे प्लेअर अजून विकले जातात आणि स्वस्त असतात म्हणून घेतले जातात. पिवळ्या तारेतून रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबून पाठवतात, त्यामुळे रंगांच्या सीमेवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात. माझा पहिला प्लेअर असाच होता. चित्र खराब म्हणून मी कित्येक महिने नव्या टीव्हीला नावं ठेवत होतो.

हिरव्या-निळ्या-लाल पिनांच्या कॉम्पोनंट तारेने चित्र चांगलं येतं, पण कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्कसाठी त्या मार्गाने ५७६पी-४८०पीच्या वर जायला परवानगी नसते. अपस्केल केलेलं चित्र एचडीसीपी संरक्षण असलेल्या एचडीएमआयवरूनच मिळतं. जुन्या एचडी टीव्हीला एचडीएमआयऐवजी डीव्हीआय असेल तर तिथेही एचडीसीपी आहे का पाहा, नाहीतर काळा पडदा.

‘४के अपस्केलिंग’ लिहिलेल्या प्लेअरला जादा पैसे देऊ नका.

यूएसबीसाठीही नाही. डीव्हीडी प्लेअरची यूएसबी बहुतेक वेळा जुन्या डिव्हएक्ससारख्या फाइलीच वाचते आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला मागते, ज्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फोनवर काढलेले आजचे व्हिडिओ त्यावर चालतील अशी अपेक्षा ठेवू नका. टीव्हीला स्वतःची यूएसबी असते, ती वापरा.

डीटीएस आवाजाबद्दल यादीत काय म्हटलंय ते पाहा. काही स्वस्त प्लेअर डीटीएस उलगडत नाहीत, मग तो ट्रॅक लावला की चित्र चालू आणि आवाज बंद. घाबरायचं कारण नाही, डिस्कवर डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएमसारखा दुसरा ट्रॅक असतो. मेनूत जाऊन तो निवडायचा.

रिमोट मात्र हातात घेऊन पाहा. प्लेअरच्या तोंडावर हल्ली दोन-तीनच बटणं असतात, सेटिंगचा मेनू फक्त रिमोटने उघडतो. वापरलेला प्लेअर रिमोटशिवाय मिळत असेल तर तो फुकट मिळाला तरी महाग.

पायरी ६: चेहरे फुगतायत का?

जुन्या मालिका, जुने सिनेमे, घरगुती चित्रीकरण हे बहुतेक ४:३, म्हणजे जवळजवळ चौकोनी, आकाराचं असतं. रुंद पडद्यावर ते दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून दिसायला हवं. स्वस्त प्लेअर १०८०पी वर लावला की अनेकदा ते सरळ ताणून १६:९ करतो. माणसं बुटकी आणि गोलमटोल होतात. टीव्हीच्या रिमोटवरून आकार बदलायला जावं तर कित्येक टीव्ही १०८०पी चित्राला हात लावू देत नाहीत, कारण त्यांच्या मते एचडी चित्र रुंदच असतं. अशी दोन्हीकडून कोंडी होते.

प्लेअरच्या मेनूत ‘१६:९ नॉर्मल’, ‘पिलरबॉक्स’ किंवा ‘स्क्वीझ’ अशा नावाचा पर्याय असेल तर काम झालं. नसेल तर प्लेअर ५७६पी वर ठेवून टीव्हीचा ४:३ पर्याय वापरावा लागतो. तिथे टीव्ही सहसा अडवत नाही. तुमच्याकडे जुन्या डिस्क जास्त असतील तर दुकानात ही एकच गोष्ट तपासली तरी चालेल. आणि हो, ताणलेलं चित्र लोकांच्या सवयीचं होतं. एका घरात मी दोन वर्षं ताणून चाललेली मालिका पाहिली. चेहरे फुगलेत असं म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच संशयाने पाहायला लागले.

उलट चूकही होते. प्लेअर नवा असताना त्याच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार अनेकदा ‘४:३ लेटरबॉक्स’ असा निवडलेला असतो. तो बदलून १६:९ केला नाही तर रुंद सिनेमाच्या ओळी प्लेअर आधी कमी करतो आणि मग टीव्ही त्या पुन्हा ताणतो. डिस्कवरचा एक चतुर्थांश बारकावा फुकट जातो.

पायरी ७: पैसे देण्याआधी, किंवा निदान परत करण्याची मुदत संपण्याआधी

स्वतःच्या डिस्क बरोबर न्या. दुकानातली चाचणी डिस्क नवीकोरी असते, ती कुठलाही प्लेअर वाचतो. तुमच्याकडची सगळ्यात ओरखडलेली, पण जुन्या प्लेअरवर चालणारी डिस्क हवी. एक घरी रेकॉर्ड केलेली हवी. आणि एक दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीची लांब सिनेमाची. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात, त्यापेक्षा मोठा सिनेमा दुसऱ्या थरावर जातो. तिथे लेझरला नव्याने नेम धरावा लागतो. सिनेमाच्या मध्याच्या सुमारास क्षणभर चित्र थबकलं तर ते नेहमीचं आहे. तिथे अडकून बसलं, किंवा त्यानंतर चौकोनी ठिगळं दिसू लागली, तर लेझर कमकुवत आहे. सुरुवातीची दहा मिनिटं पाहून प्लेअर पसंत करणारे इथेच फसतात.

चित्रासाठी काय लावायचं? सावकाश सरकणारा कॅमेरा आणि विटांची भिंत, कौलांचं छप्पर किंवा जिन्याचा कठडा. बारीक समांतर रेषा झगमगत असतील तर ओळी जुळवण्यात गडबड आहे. फडकणारा झेंडा लावा, त्याच्या तिरप्या कडांना पायऱ्या पडतात का पाहा. शेवटी वर सरकणारी श्रेयनामावली लावा. अक्षरं फणीसारखी फाटत असतील तर हाही प्लेअर त्याच माळेतला. लाल कपड्याच्या कडेला आडव्या बारीक रेघा दिसल्या तर रंगाच्या ओळी जुळवताना चूक होतेय. जुन्या मॉडेलांत हा दोष बराच आढळतो. वापरलेला प्लेअर पाहताना तासभर तरी चालवा. डिस्कची ट्रे अडखळत बाहेर येते का, आतून टकटक ऐकू येते का, गरम झाल्यावर चित्र थांबतं का, हे पाच मिनिटांत कळत नाही.

पायरी ८: जोडणी आणि सेटिंग

साधी एचडीएमआय तार पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेने चित्र सुधारत नाही. तार खराब असली तर चित्र मऊ होत नाही, त्यात चमकणारे ठिपके येतात किंवा ते मधूनमधून गायब होतं.

प्लेअरच्या मेनूत टीव्हीची पद्धत ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ ठेवा. ती ‘एनटीएससी’ वर अडकली असेल तर पाल डिस्कच्या ५७६ ओळी दाबून ४८० केल्या जातात आणि हालचाल झटके देत चालते. सिनेमा ‘का कोण जाणे अडखळतोय’ अशी तक्रार असेल तर आधी इथे पाहा.

काळा रंग राखाडी वाटतो, किंवा उलट अंधारातलं काहीच दिसत नाही? उजेडाच्या पातळ्या जुळत नाहीयेत. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५. प्लेअरमध्ये एचडीएमआयचा रंग ‘वायसीबीसीआर’ वर किंवा ‘ऑटो’ वर ठेवला की बहुधा प्रश्न सुटतो.

टीव्हीकडे वळा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय शोधा; प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय. ‘शार्पनेस’ बराच खाली आणा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय सिनेमासाठी बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. ‘गेम’ मोडमध्ये डीव्हीडी पाहू नका. तिथे टीव्ही वेळ वाचवण्यासाठी चित्रावरची मेहनत कमी करतो. ‘सिनेमा’ मोड सुरुवातीला पिवळट वाटेल. दोन दिवस द्या.

ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये आवाजाचा उशीर ठरवण्याची सोय असते, तिथे बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसणारा प्रसंग लावून जुळवा.

पायरी ९: ५७६पी की १०८०पी?

सगळं जोडून झालं की हा प्रयोग करा. तुम्हाला चांगला माहीत असलेला एक प्रसंग निवडा, ज्यात चेहरा जवळून दिसतो आणि मागे बारीक नक्षी आहे. प्लेअर १०८०पी वर ठेवून पाहा, मग ५७६पी वर, एनटीएससी डिस्क असेल तर ४८०पी वर. जवळ जाऊन नाही, नेहमीच्या जागी बसूनच. केसांच्या बटा, भुवया, लिहिलेली पाटी पाहा. कडेभोवती पांढरी रेघ ज्यात कमी, ते घ्या.

त्वचेचा आणि हिरवळीचा रंगही पाहा. साध्या चित्राचा आणि एचडी चित्राचा रंग उलगडण्याचा हिशेब वेगळा असतो. काही स्वस्त प्लेअर चित्र १०८०पी करताना ठिपके वाढवतात, पण रंगाचा हिशेब जुनाच ठेवतात. टीव्ही तो एचडीच्या नियमाने उलगडतो आणि चेहऱ्यांचा रंग किंचित भरकटतो. ५७६पी वर रंग बरोबर आणि १०८०पी वर वेगळा दिसला तर दुसरं काही शोधू नका, हेच आहे.

१३६६ × ७६८ चा टीव्ही असेल तर १०८०पी मुळीच नको: प्लेअर चित्र फुगवणार आणि टीव्ही ते पुन्हा आवळणार. तिथे ७२०पी किंवा ५७६पी. ४के टीव्हीवर १०८०पी निवडलं तर चित्र दोनदा ताणलं जातं, एकदा प्लेअरच्या स्वस्त चिपने आणि एकदा टीव्हीच्या. मी अशा टीव्हीवर ५७६पी पासूनच सुरुवात करेन. टीव्ही जुना आणि प्लेअर नवा असेल तर पारडं उलटही झुकू शकतं, म्हणून प्रयोग करूनच ठरवा.

दोन्ही सारखेच दिसले तर खालचं ठेवा. निदान ४:३ चित्राचा आकार टीव्हीच्या रिमोटवर तुमच्या हातात राहतो. माझ्या प्लेअरच्या तोंडावर ‘१०८०पी’ चं चकचकीत लेबल अजून चिकटलेलं आहे, आणि आत तो पहिल्या आठवड्यापासून ५७६पी वर चालतोय.